तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी मधेच बंद पडते, काय बदलू?

महिन्यातून दोन-तीन जण तरी विचारतातच. प्रश्न साधारण एकच, "जुनी मोटरसायकल आहे, टूरला नेतो, चालता चालता मधेच बंद पडते, थोड्या वेळाने काही न करता चालू पण होते, गॅरेजला नेली की शहाण्या बाळासारखी चालते, काय बदलू?" मला विचारतात कारण माझ्या गाडीला हाच आजार सात महिने होता, आणि त्या सात महिन्यांत मी जवळजवळ सगळं बदललं, जे बिघडलं होतं ते सोडून.

माझी गाडी २००५ ची साडेतीनशे सीसी, एकच सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली. पहिल्यांदा बंद पडली ती वरंधा घाटात, भोरकडून महाडला उतरताना, वाघजाईपाशी भजी खाऊन निघालो आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर गप्प. किक मारली, चालू. पुढे परत तेच. घाट म्हटल्यावर सगळ्यांचं एकच मत, गरम होते. ठिणगी पाडणारा प्लग बदला, पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर उघडून साफ करा, प्लगला करंट देणारी कॉईल बदला. मी पण बदलत गेलो. प्लग, प्लगची टोपी, कार्ब्युरेटर दोनदा साफ, नवीन कॉईल, शेवटी तो ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक काळा डबा, जो खरं तर टीसीआय आहे पण गॅरेजमध्ये सगळे सीडीआयच म्हणतात. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस गाडी नीट चालायची, आपल्याला वाटायचं सापडलं, आणि मग एखाद्या रविवारी परत. मधूनमधून येणाऱ्या बिघाडाचा हाच वैताग असतो, तो आपोआप बरा पण होतो, आणि त्याचं श्रेय शेवटी जे बदललं त्याला जातं.

एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. घाट उतरताना इंजिन गरम कशाला होईल? थ्रॉटल जवळजवळ बंदच असतो की.

तेव्हा तुम्हाला माझा पहिला उलटा प्रश्न असतो, मेली कशी? मला पार्ट नका सांगू, मरायची तऱ्हा सांगा. पेट्रोल कमी पडलं की गाडी आचके देते, मिस मारते, पिकअप जातो, मग थांबते, आणि त्या वेळी चोक ओढल्यावर दोन क्षण तरतरी आली तर समजा पेट्रोलच कमी पोचतंय. करंट तुटला तर मात्र चावी बंद केल्यासारखी एका क्षणात मरते, आणि गाडी गिअरमध्ये घरंगळत असताना करंट परत आला तर सायलेन्सरमध्ये साठलेलं न जळलेलं पेट्रोल पेटून फाट्‌कन फटाका फुटतो. माझ्या गाडीने असे दोन फटाके वाजवले होते आणि मी गॅरेजला तेवढंच सांगायचं विसरलो होतो, म्हणून कार्ब्युरेटर दोनदा उघडला गेला.

दुसरा प्रश्न, परत चालू व्हायला किती वेळ लागतो? हाय-वेवर वीसेक मिनिटं चांगल्या स्पीडने चालवल्यावर बंद पडली आणि दोन-पाच मिनिटं उभी ठेवल्यावर चालू झाली तर आधी टाकीचं झाकण उघडून बघा, फुस्स असा आवाज आला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, आत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही, कार्ब्युरेटरच्या वाटीत जेवढं आहे तेवढं संपलं की खेळ खलास. तसं नसेल तर पेट्रोलचा पाईप काढून बाटलीत धार सोडा, मिनिटभर सारखी पडली पाहिजे, आधी जोरात आणि मग दोऱ्यासारखी झाली तर टाकीखालचा कॉक, त्यातली जाळी, टाकीतला गंज यांच्यापैकी कुणीतरी आहे. इंजिन चांगलं तापल्यावर मेली आणि अर्धा तास निवल्याशिवाय उठतच नाही, असं असेल तर पिकअप कॉईलवर, म्हणजे ठिणगी कधी पाडायची ते काळ्या डब्याला कळवणाऱ्या छोट्या कॉईलवर, संशय घ्या, आतली तार तापली की तुटते आणि निवली की जुळते, गॅरेजला पोचेपर्यंत मल्टीमीटरवर सगळं छान दिसतं. आणि मरून लगेच उठली, दुसऱ्या सेकंदाला, तर ते बहुतेक वायर, फ्यूज, बॅटरीचं टर्मिनल, अर्थिंग किंवा चावीचं लॉक. चावीला अर्धा किलो किल्ल्यांचा जुडगा लटकवणाऱ्यांनी हे जरा दोनदा वाचा.

जाता जाता पाईपचं पण सांगतो. २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल लक्षात घेऊन बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या, आपल्या जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. माझा पाईप बाहेरून ठीक दिसत होता, कापला तर आतून फुगलेला. माझा आजार तो नव्हता, पण बदलून टाकला, स्वस्त आहे.

तर माझी गाडी चावी बंद केल्यासारखी मरायची आणि लगेच उठायची. करंटच. पण हॉर्न वाजायचा, न्यूट्रलचा दिवा लागायचा, म्हणजे बॅटरी आणि मेन फ्यूज संशयातून सुटले. मल्टीमीटर लावून वायरिंग तपासलं, सगळीकडे टूं वाजलं, म्हणजे वायर कुठे तुटलेली नाही. मग एका जुन्या फिटरने सांगितलेली युक्ती केली. कॉईलला येणाऱ्या बारा व्होल्टच्या वायरीवरून एक लांब वायर काढून स्पीडोमीटरपर्यंत आणली, तिच्यावर स्पीडोमीटरमध्ये असतो तसला छोटा बल्ब लावला, दुसरं टोक अर्थला, आणि बल्बला काळ्या टेपची नळी केली म्हणजे उन्हातही दिसेल. कॉईलला करंट आहे तोवर बल्ब लागलेला. मग परत वरंधा.

दुसऱ्याच नागमोडी वळणावर, डावीकडे, बल्ब विझला आणि गाडी मेली. हॅंडल सरळ केलं, बल्ब लागला. तिथेच रस्त्याच्या कडेला उभं राहून मी हॅंडल डावीकडे, सरळ, डावीकडे, सरळ, असं दहा वेळा केलं, शेजारून जाणाऱ्या एसटीतले लोक बघत होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी वळवताना पण ती बंद पडायची हे तेव्हा आठवलं, मला कायम वाटायचं क्लच माझ्याच हातून सुटला.

माझ्या गाडीत चावीकडून कॉईलला जाणारा करंट उजव्या मुठीपाशी इंजिन बंद करायचं बटण असतं, त्या किल स्विचमधून जातो. आणि त्याच्या दोन वर्षं आधी स्पितीला जायचं म्हणून पाठ दुखू नये यासाठी मीच उंच हॅंडल टाकलं होतं. हॅंडल उंच झालं, वायरिंग तेवढंच राहिलं. डावीकडे वळलं की उजवी मूठ पुढे जाते आणि हॅंडल जिथे फिरतं त्या गळ्यापाशी वायर ताणली जाते. दोन वर्षं रोज ताणली गेली. जाड काळी नळी कापली, वायरी एकेक करून हलकेच ओढल्या, बाकीच्या कडक होत्या, एक मात्र रबरासारखी लांबली. आवरण शाबूत, आत तांबं तुटलेलं. कापल्यावर हिरवी पूड निघाली आणि दोनच तारा जुळलेल्या. मीटरला टूं करायला त्या दोन तारा पुरतात, मीटर चिमूटभर करंट पाठवतो. कॉईलला खरा करंट लागतो, तो त्या दोन तारांतून कसाबसा जायचा आणि ताण आला की तोही नाही.

चार इंच वायर वाढवली, सोल्डर केली, वरून गरम करून आवळणारी नळी चढवली. नुसतं पिळून टेप मारू नका, पावसाळ्यात परत हिरवं होतं. सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत, त्यात चहा पण आला.

त्यानंतर दोन पावसाळे झाले, गाडी एकदाही मधे थांबली नाही. बल्ब मी काढला नाही, राहू दे म्हटलं. आणि माळ्यावर एका खोक्यात जुनी कॉईल, जुना काळा डबा, तीन प्लग पडलेत, एकातही काही खोट नाही. पुण्यात कुणाला लागत असतील तर सांगा, पण आधी हॅंडल पूर्ण डावीकडे वळवून बघितलंत ना ते सांगा.