गंगा कालवा अपडेट: हरिद्वार ते रुडकी झालं, चारही राव (पावसाळी नद्या) बघितले

कामामुळे रुडकीत राहतोय तोवर जुना गंगा कालवा जमेल तेवढा सायकलने आणि जिथं सायकल नेता येत नाही तिथं पायी बघायचा असं ठरवलंय, त्यातला पहिला टप्पा झाला. झाला म्हणजे पावसाळ्यातही बघितला आणि दसऱ्यानंतर पाणी बंद असतानाही बघितला, कारण हा पट्टा एका मोसमात कळतच नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८३७-३८ च्या दुष्काळात दोआबात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या पट्ट्यात, आठ लाखांच्या आसपास माणसं गेली असं मानतात, त्यानंतर प्रोबी कॉटली या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने हरिद्वारपासून कालवा काढायची योजना मांडली. १८४२ ला खोदकाम सुरू, एप्रिल १८५४ ला पाणी सोडलं. मूळ डिझाईन ६,७५० क्युसेकचं, आज १०,५०० च्या आसपास वाहतं. हर की पौडीसमोरून जी धार जाते तीच पुढे मायापूरच्या दारांतून कालव्यात शिरते, त्यामुळे सुरुवात तिथूनच केली.

आता खरी मजा. हरिद्वार ते रुडकी म्हणजे अंतर फार नाही, तीसेक किलोमीटर, पण उजव्या हाताला शिवालिकच्या टेकड्या आणि तिथून उतरणारे राव, म्हणजे पावसाळी नद्या, वर्षातले आठ-नऊ महिने नुसती वाळू आणि पाऊस पडला की तासाभरात तुफान. हे सगळे राव कालव्याला आडवे येतात आणि गंगेकडे जातात. कॉटलीने एकच उपाय चारही ठिकाणी वापरला नाही, जमिनीची पातळी बघून प्रत्येकाला वेगळी वाट दिली, आणि मला विचाराल तर अख्ख्या कालव्यात बघण्यासारखं हेच आहे.

रानीपूर आणि पथरी हे दोन राव कालव्याच्या डोक्यावरून जातात. कालवा खाली, नदी वर. सुपरपॅसेज म्हणतात त्याला. कोरड्या दिवसांत गेलात तर वाटतं एवढा रुंद पूल कशासाठी बांधून ठेवलाय, आणि पावसात त्याच पुलावरून नदी वाहताना बघितली की विचारायची गरजच राहत नाही. पथरीपाशी पॉवर हाऊस पण आहे, १९५५ चं, पण आत जाता येत नाही त्यामुळे बाहेरूनच बघून पुढे.

धनौरीला रतमऊ राव. इथं नदी आणि कालवा एकाच पातळीवर, म्हणजे वरून नाही खालून नाही, सरळ समोरासमोर भेट. नदी उजवीकडून कालव्यात घुसते आणि समोरच्या काठाच्या दारांतून बाहेर पडते. पूर आला की डावीकडची दारं उघडायची, कालव्याची पुढची दारं खाली घ्यायची, आणि हे वेळेत करायचं नाहीतर पुराचं पाणी थेट रुडकीच्या दिशेने. पावसात मी तिथं बराच वेळ थांबलो होतो, एका बाजूने गंगेचं राखाडी पाणी आणि दुसऱ्या बाजूने शिवालिकचं तांबूस गढूळ पाणी, दोन्ही रंग बरंच अंतर वेगवेगळे दिसतात मग हळूहळू एक होतात, आणि दारांजवळच्या कठड्यावर हात ठेवला तर तो थरथरतो. दीडशेच्या वर वर्षं झाली तरी तत्त्व तेच आहे.

पुढे पीरान कलियर, आणि मग सोलानी. इथं उलटं, नदी खाली आणि कालवा वर. १५ कमानी, प्रत्येकी ५० फुटांची, पाया म्हणजे नदीच्या वाळूत २० फूट खाली उतरवलेले विटांचे प्रचंड ठोकळे, आणि दोन्ही बाजूंना खोऱ्यातून मैलोन्मैल मातीचा भराव, आतून घाटासारख्या पायऱ्या बांधलेल्या. त्या भरावाची माती ओढायला १८५१ मध्ये इथं वाफेचं इंजिन चाललं, आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची! शेजारी आता नवीन काँक्रीटचा जलसेतू पण झालाय. मी नदीपात्रात उतरून जुन्या कमानीखाली गेलो, विटांच्या सांध्यांतून चुन्याचे पांढरे ओघळ उतरलेत पण कमानीची रेघ जराही ढळलेली दिसत नाही. वर रस्त्याला दोन्ही टोकांना सिंह आहेत, फोटो सगळे त्यांचेच काढतात, पण प्लीज खाली उतरा.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी. कालव्याच्या कडेचा रस्ता म्हणजे पटरी, सायकलला झकास, सावली भरपूर, काही ठिकाणी खडी आहे त्यामुळे पातळ टायर नको. कावड यात्रेत येऊ नका, पटरी सगळी कावडियांची असते, आणि लक्षात ठेवा की इथला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, आपला आषाढ चालू असतो तेव्हाच यात्रा जोरात असते. पाण्यात उतरायचं नाव काढू नका, वरून शांत दिसतं पण ओढ भयंकर आहे. कालवा रिकामा बघायचा तर दसरा ते दिवाळी, तेव्हा गाळ काढायला पाणी बंद करतात, हरिद्वारला लोक दोरीला लोहचुंबक बांधून तळातली नाणी शोधत असतात.

पुढचा टप्पा रुडकी ते आसफनगर आणि मग मंगलौरच्या पुढे. आसफनगरला कालव्याचा फॉल आहे, म्हणजे उतार कमी करायला पाणी एकदम खाली सोडलंय. तरीसुद्धा कॉटलीने उतार जरा जास्तच ठेवला होता, त्यामुळे वेग वाढून तळ खरवडला जायला लागला, आणि आर्थर कॉटन या दक्षिणेत कालवे बांधणाऱ्या इंजिनिअरने त्यावरून त्याच्याशी जाहीर वाद घातला होता. माझं मत कॉटनच्या बाजूचं आहे, पण तळ प्रत्यक्ष बघितल्याशिवाय जास्त बोलत नाही. फॉलना वळसा घालून होड्या नेण्यासाठी बाजूला वेगळे चॅनल आणि लॉक (होडी एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दारांचे कप्पे) बांधले होते, त्यातलं काय उरलंय तेही शोधायचंय. जानेवारीत धुक्यामुळे पटरीवर दहा फुटांवरचं दिसत नाही, म्हणून फेब्रुवारीत निघणार, लॉक आधी आणि फॉल नंतर.