दहा मिनिटांत दम सोडणारं आउटबोर्ड: चाचणी फेरी

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून लावायचं इंजिन. हे वापरलेलं, 40 अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. तक्रार ओळखीची: पिंपातल्या पाण्यात चालवलं की तक्रार नाही, बोट घेऊन निघालं की दहा मिनिटांत दम जातो. पिंपात भार नसतो आणि पेट्रोलही जेमतेम लागतं, म्हणून हा दोष किनाऱ्यावर हाती लागत नाही. फेरी मारावीच लागते.

सोबत घ्यायचं सामान: टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारा), स्पार्क टेस्टर, प्लगपाना, दोन नवे प्लग, वल्ही, नांगर. आणि सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे स्वतःचा पाइप आणि बल्ब (पाइपातला, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा) असलेली दुसरी छोटी टाकी, ताजं 50:1 मिश्रण भरून (10 लिटर पेट्रोलला 200 मिलि टू-स्ट्रोक मरीन तेल). माणसं दोन हवीत, एक सुकाणूवर, दुसरा बल्बपाशी.

सुरुवातीला पूर्ण रेसला 5,200 आरपीएम मिळाले. नवव्या मिनिटाला काटा 3,800 वर आला. अशा वेळी लगेच इंजिन बंद करू नये, आधी बल्ब हातात घ्यावा. तो पचकलेला होता, म्हणजे अडथळा टाकी आणि बल्ब यांच्यामध्ये. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू अर्धवट मिटलेला निघाला. तो सैल करताच रेस चढली, पण पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मग दुसरी टाकी जोडली आणि घसरण थांबली. दोष जुन्या टाकी-पाइपातच आहे, कार्बोरेटर उघडायची गरज नाही, हे तिथेच ठरलं.

किनाऱ्यावर जुना पाइप उभा चिरला. बाहेरून धडधाकट, आत मात्र अस्तर सुटून पातळ सालासारखं लोंबत होतं. ओढ वाढली की ते साल भोकावर बसतं, रेस कमी केली की सुटतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात जुन्या पाइपांचं असं होतं. फुंकून पाहिलं तर पाइप मोकळाच वाटतो, म्हणून वय झालेला पाइप तपासत बसू नये, बल्बसकट बदलावा. नव्या बल्बवरचा बाण इंजिनाकडे हवा.

बल्ब पचकलेला नसेल तर तो दाबत राहून पाहा. दाबल्यावर रेस परत येत असेल तर इंधनपंपाचा पडदा थकलाय किंवा कुठून तरी हवा ओढली जातेय. दाबून फरक नाही, पण चोक क्षणभर ओढल्यावर जोर येतो? मग मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य भोक, तुंबलंय. ते क्लीनरने धुवावं, तार घालू नये, भोक मोठं होतं. चोकनेही फरक पडत नसेल तर स्पार्क टेस्टर लावा, तेही इंजिन तापलेलं असताना. गरम झाल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) थंडपणी छान ठिणगी देते. चालू इंजिनाची प्लगवायर नुसती उपटून लटकत ठेवू नये, त्याने इग्निशनचा बॉक्स जाऊ शकतो.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, दोन्ही प्लग काढून, रेस पूर्ण उघडून मोजावं. दोन सिलिंडरमधला फरक 10 टक्क्यांच्या आत हवा.

रेस चढते पण बोट पळत नाही, हे दुखणं वेगळं. बहुतेकदा पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आतला रबरी हब, म्हणजे दांड्याला धरून ठेवणारा मधला भाग, घसरलेला असतो. हब आणि पंखा यांवर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारून फेरी घ्या. रेघ तुटलेली दिसली की निदान झालं.

एक गोष्ट टाळाच: पेट्रोल कमी पडत असताना रेस ताणून घरी पोहोचायचा प्रयत्न. मिश्रणातलं तेल पेट्रोलाबरोबरच येतं, तेही कमी पडतं आणि पिस्टन भाजतो. निम्म्या रेसवर परतावं, इंजिनामागून पडणाऱ्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या धारेवर नजर ठेवून.