चॉटन: धाकट्या घरापासून थोरल्या घरापर्यंत

इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या वाड्यात आमची अख्खी दुपार गेली आणि मला त्यातलं फारसं आठवत नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या खिडक्या, छतभर चित्रं आणि मरणाची गर्दी. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ कादंबरीवरच्या 2005 च्या चित्रपटात याच वाड्याला नायक डार्सीचं घर, पेम्बर्ली, केलंय, त्यामुळे पुतळ्यांच्या दालनात जो तो डार्सीच्या पुतळ्यासोबत फोटो काढायला उभा. बाथ शहर सगळं पावसात गेलं. मला लिहायचंय ते चॉटनबद्दल. हॅम्पशरमधलं एवढंसं गाव, पण ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ इतक्या वर्षांनी मला तिथल्या रस्त्यावर उलगडली.

लंडनच्या वॉटरलूहून ऑल्टनपर्यंत गाडी आणि पुढे पायी. सोबत आत्या होती. आत्याने लग्न केलं नाही, बँकेत नोकरी केली आणि स्वतःच्या पैशाने नाशिकला फ्लॅट घेतला. जेन ऑस्टिनची पुस्तकं मला तिच्याच कपाटात सापडली होती.

जेनचं घर लाल विटांचं, अगदी रस्त्यालगत. आयुष्याची शेवटची आठ वर्षं, म्हणजे 1809 पासून 1817 पर्यंत, जेन इथे राहिली. सोबत आई, थोरली बहीण कॅसँड्रा आणि मैत्रीण मार्था लॉइड. चौघीही बायका, चौघींनाही स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न जेमतेम. खालच्या खोलीत खिडकीशी तिचं लिहायचं टेबल ठेवलंय. अक्रोडाच्या लाकडाचं, बारा कोनांचं, एका पायावर उभं. आपल्याकडे देवाजवळ समई ठेवायला घेतात त्या चौरंगावर याहून जास्त जागा असते. एक कागद, एक दौत, आणि कोपर टेकवायला जेमतेम जागा. मी तिथून हलेचना. माझ्यामागे दोन बायका 1995 च्या बीबीसी मालिकेतल्या डार्सीच्या ओल्या शर्टाबद्दल बोलत होत्या आणि मला मनापासून राग आला. तो प्रसंग कादंबरीत नाही. कादंबरीत आहेत ते आकडे. कोणाला वर्षाला किती पौंड मिळतात हे जेन माणसाच्या नाकाडोळ्यांच्या आधी सांगते. डार्सीचे वर्षाला दहा हजार. नायिका एलिझाबेथच्या घरच्यांचे, बेनेटांचे, दोन हजार, तेही वडील असेपर्यंतच, कारण इस्टेट फक्त पुरुष वारसाकडे जाणार आणि घरात पाच मुलीच. एलिझाबेथच्या वाट्याला पुढेमागे हजार पौंड येतील ते आई गेल्यावर, हे तिला ऐकवतो तो त्या इस्टेटीचा वारस कॉलिन्स, तोंडावर, लग्नाची मागणी घालताना.

या कादंबरीचे सगळे हक्क जेनने 110 पौंडांना विकले. तिला 150 हवे होते. 1813 मध्ये पुस्तक आलं तेव्हा त्यावर तिचं नावही नव्हतं.

चहा प्यायला बसलो तिथे आत्याने रोख पैसे काढले. दहा पौंडांची नोट, तिच्यावर जेन. ‘‘हा मागे वाडा कुठला गं? हेच का तिचं घर?’’ आत्याने चष्मा वर करून नोट डोळ्यांजवळ नेली. मी सांगितलं, तो गॉडमर्शमचा वाडा, केंटमधला, तिच्या भावाचा. एडवर्ड नावाच्या भावाला मूलबाळ नसलेल्या श्रीमंत नातेवाइकांनी दत्तक घेतलं होतं. गॉडमर्शम त्याचा, चॉटनची जमीनही त्याची, आणि आपण आत्ता पाहिलं ते घरही त्यानेच आईबहिणींना राहायला दिलेलं.

आत्या म्हणाली, ‘‘म्हणजे नोटेवरसुद्धा घर भावाचंच.’’

मग आम्ही थोरल्या घराकडे निघालो. चॉटनमधला एडवर्डचा वाडा ‘ग्रेट हाउस’ म्हणूनच ओळखला जायचा, आणि तो जेनच्या धाकट्या घरापासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. मला ते अंतर माहीत होतं, पण पायाखाली घातल्याशिवाय कळलं नव्हतं. एका टोकाला रस्त्यावरच्या गाड्यांची धूळ खाणारी विटांची भिंत. मग झाडं, कुंपण, लांब सरळ वाट, डाव्या-उजव्या बाजूला गवताची उतरण, आणि वर दगडी एलिझाबेथकालीन वाडा. सख्खी भावंडं, एकच आईबाप, आणि दोघांच्या दारांमध्ये एवढा चढ. धाकट्या घरात बायकांसाठी गाढवाची गाडी होती. ती अजून तिथे ठेवलेली आहे. थोरल्या घरी अर्थातच घोडे.

‘‘भाऊ वाईट नव्हता गं,’’ आत्या चालता चालता म्हणाली. ‘‘पण बाप 1805 ला गेला म्हणतेस आणि घर दिलं 1809 ला. चार वर्षं कुठे होत्या या?’’

बाथमध्ये भाड्याच्या खोल्या बदलत, मग साउदॅम्प्टनला दुसऱ्या भावाच्या घरात. भावांनी वर्षाला थोडे थोडे पौंड काढून आईला दिले. भल्या घरच्या मुलीला करता येईल अशी नोकरी एकच, दुसऱ्यांच्या मुलांची गव्हर्नेस होणं, आणि तिला सगळ्याच बिचकत. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘मला पगार होता. म्हणून तुझ्या बाबांच्या घरी मी पाहुणी म्हणून जाऊ शकले.’’

वाड्याच्या वाटेवर सेंट निकोलस चर्च आहे. त्याच्या मागे जेनची आई आणि बहीण शेजारी शेजारी पुरलेल्या आहेत. आत्या तिथल्या बाकावर बसली आणि आमचं शार्लटवरून वाजलं.

शार्लट ल्यूकस म्हणजे एलिझाबेथची मैत्रीण. सत्तावीस वर्षांची, दिसायला साधी, हातात पैसा नाही. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला ती तीन दिवसांत होकार देते आणि सरळ सांगते की मला फक्त एक सुखाचं घर हवंय. मी कॉलेजात होते तेव्हापासून मला तिचा राग आहे. डार्सीच्या मावशीला, लेडी कॅथरीनसारख्या बाईला एलिझाबेथ सुनावते की डार्सी सद्गृहस्थ आहे आणि मीही सद्गृहस्थाची मुलगी आहे, तेवढ्यापुरते आम्ही सारखेच; ती ताठ मान मला शार्लटमध्ये हवी होती. शिवाय खुद्द जेनने काय केलं? 1802 मध्ये मॅनिडाउन इस्टेटीच्या वारसदाराने, हॅरिस बिग-विदरने मागणी घातली. हातात वाडा, आईबहिणीची कायमची सोय. तिने संध्याकाळी हो म्हटलं आणि सकाळी नाही म्हणून सांगितलं.

‘‘जेनला कॅसँड्रा होती,’’ आत्या म्हणाली. ‘‘शार्लटला कोण होतं? आणि तू तो बैठकीच्या खोलीचा भाग नीट वाचलाच नाहीस.’’

तो भाग असा. लग्नानंतर एलिझाबेथ शार्लटकडे राहायला जाते. घरात समोर मोठी, छान खोली असताना शार्लट दिवसभर मागच्या खोलीत का बसते, हे तिला कळत नाही. मग उमगतं. पुढची खोली रस्त्याकडे, आणि त्याच बाजूच्या आपल्या खोलीत कॉलिन्स येणारी-जाणारी वाहनं बघत रमतो. बायको पुढे बसली असती तर तो सारखा तिच्यापाशी आला असता. शार्लटने स्वतःसाठी मुद्दाम बिनदेखाव्याची खोली निवडली. आत्याचं म्हणणं, हे वाक्य लिहिणारी बाई शार्लटवर रागावलेली असूच शकत नाही. स्वतःपुरती एक खोली मिळवायला काय मोजावं लागतं ते तिला पुरतं ठाऊक होतं.

मी वाद घातला. प्रेमाशिवाय लग्न करण्यापेक्षा काहीही सोसलेलं बरं, असं जेनने भाचीला पत्रात लिहिलंय. आत्या म्हणाली, तिनेच पुढे त्याच भाचीला लिहिलंय ना, की एकट्या बायकांना गरीब राहायची भयंकर खोड असते? दोन्ही खरं. दोन्ही पत्रं एकाच हातची.

विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये जेनच्या थडग्यावर जाऊन आलो. दगडावर तिची ओळख स्टीव्हन्टन गावच्या रेक्टरची, म्हणजे पाद्र्याची, धाकटी मुलगी अशी आहे. कादंबऱ्यांचं नाव नाही. पुस्तकांचा उल्लेख असलेली पितळी पाटी भिंतीवर आली ती 1872 मध्ये.

आत्या नाशिकला परतलीय. फोनवर अजून शार्लटची बाजू घेते. त्या मागच्या खोलीपुरतं मी तिचं ऐकते, पण कॉलिन्सला दिलेला होकार मला अजून पटत नाही.