सारायेव्होला जाणार असाल तर

मे महिन्यात मी आणि बायको तीन दिवस बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत होतो, कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितोय. १९८४ ला इथं विंटर ऑलिंपिक झालं तेव्हा युगोस्लाव्हिया एक देश होता, आणि आठच वर्षांनी शहराला वेढा पडला तो एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, तब्बल १४२५ दिवस.

आधी त्रेबेविच डोंगरावर जा. केबल कार बाश्चार्शिया म्हणजे जुन्या बाजारापासून चालत जाण्यासारखी आहे. युद्धात बंद पडली ती थेट एप्रिल २०१८ ला परत सुरू झाली. वर उतरून थोडं चाललं की ऑलिंपिकच्या बॉबस्लेचा (बर्फावरून घसरणाऱ्या गाडीची शर्यत) काँक्रीटचा ट्रॅक लागतो, आता सगळा ग्राफिटीने भरलेला. लोक दोन फोटो काढून परत फिरतात, तसं करू नका, ट्रॅकमधूनच खाली चालत या. झाडी विरळ झाली की खाली अख्खं शहर दिसतं, घरंन् घर मोजता येईल इतकं स्पष्ट, आणि मग कळतं की बोस्नियन सर्ब सैन्याने तोफांसाठी हाच डोंगर का धरला. माझ्या पोटात खरंच गोळा आला. बूट चांगली ग्रिप असलेले घाला, आणि मळलेली वाट सोडून जंगलात अजिबात शिरू नका, या डोंगरांत युद्धात भूसुरुंग पेरले होते.

दुसऱ्या दिवशी झेत्रा, म्हणजे ऑलिंपिकचा स्केटिंगचा हॉल. १९८४ ला टॉर्व्हिल आणि डीन या ब्रिटिश जोडीला आईस डान्समध्ये कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.० म्हणजे पैकीच्या पैकी गुण दिले तो हॉल हाच. युद्धात त्यावर तोफगोळे पडले, तळघरात प्रेतं ठेवली, प्रेक्षकांच्या लाकडी खुर्च्यांच्या फळ्या शवपेट्यांना वापरल्या आणि शेजारच्या मोकळ्या जागेत कब्रस्तान झालं. हॉल १९९९ ला परत उघडला, कबरी आहेत तिथंच आहेत. दगडांवरची सालं वाचत चाला, १९९२, १९९३, परत १९९३, कितीतरी जण विशीतले. आम्ही दोघं तिथं तासभर होतो, एक शब्द बोललो नाही.

खेळाडूंचं काय झालं हे मला जास्त लागलं. धावपटू मिर्सादा बुरिच स्नायपरच्या गोळ्या चुकवत रस्त्यांवर सराव करून १९९२ ला बार्सिलोनात ३००० मीटर धावली. १९९४ ला वेढा चालू असताना लिलेहामरला बोस्नियाची चार जणांची बॉबस्ले टीम गेली, त्यात दोन बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम), एक क्रोएट आणि एक सर्ब, आणि त्यांच्या घरच्या ट्रॅकवर तेव्हा बंदुका होत्या. ट्रॅक बघून आल्यावर हे आठवलं की छाती भरून येते.

खाण्याचं म्हणाल तर इथं बुरेक (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ) म्हणजे मांसाचाच. शाकाहारी असाल तर सिर्निका (चीज), झेल्यानिका (पालक) किंवा क्रोम्पिरुशा (बटाटा) मागा. १९८४ ला स्कीपटू युरे फ्रान्कोने युगोस्लाव्हियाला विंटर ऑलिंपिकचं पहिलंवहिलं मेडल, जायंट स्लालम या स्की शर्यतीचं सिल्व्हर, मिळवून दिलं तेव्हा लोक म्हणायचे, आम्हाला युरेक (म्हणजे युरे) बुरेकपेक्षा प्रिय. फ्रान्को स्लोव्हेनियाचा, पण सारायेव्होने तेव्हा त्याला आपलाच मानला.

इग्मान डोंगरावरचे ऑलिंपिकचे स्की जंप बघायचे तर गाडी ठरवा, ट्रॅमच्या भरवशावर राहू नका. रोख कन्व्हर्टिबल मार्क (इथलं चलन) जवळ असू द्या, एका युरोला साधारण १.९५. झेत्राला सकाळी जा, आणि त्या दिवशी त्यानंतर दुसरं काही ठेवू नका.