तुम्ही विचारलंत म्हणून: लय जुळली म्हणजे एंटँगलमेंट झालं का?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो: "क्वांटम पातळीवरचे दोन दोलक एका लयीत आले, म्हणजे त्यांचं एंटँगलमेंटच झालं ना?" नाही. दोलक म्हणजे लंबकासारखी मागे-पुढे झुलणारी गोष्ट. एंटँगलमेंट म्हणजे दोन क्वांटम गोष्टींच्या अवस्था अशा गुंतणं, की एकीचं पूर्ण वर्णन दुसरीला सोडून करता येत नाही. लय जुळणं आणि एंटँगलमेंट कधीकधी एकत्र दिसतात, पण त्या वेगळ्या गोष्टी आहेत. का ते सांगायचं तर आधी घड्याळांकडे जावं लागेल.

1665 साली आजारपणामुळे घरात अडकलेल्या डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सच्या लक्षात आलं, की एकाच आधारावर टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक कसेही सोडले तरी अर्ध्या तासाच्या आत बरोबर एकमेकांच्या उलट झुलू लागतात. दुवा होता तो आधाराच्या न जाणवणाऱ्या हालचालीचा. ही गोष्ट सांगताना सगळे त्या दुव्याबद्दलच बोलतात. मला मात्र घड्याळाच्या आतलं वजन जास्त महत्त्वाचं वाटतं. ते लंबकाला ऊर्जा पुरवतं, घर्षण ती खातं, आणि या जमाखर्चातून लंबकाची स्वतःची लय ठरते. सुरुवात कशी झाली होती हे तो विसरतो. हे विसरणं नसेल तर जोडलेले दोन लंबक एकमेकांना ऊर्जा देत-घेत राहतील, एवढंच. त्याला सिंक्रोनायझेशन, म्हणजे लय जुळणं, म्हणत नाहीत.

क्वांटम दोलकालाही हा जमाखर्च हवाच. ली आणि सादेघपूर यांनी 2013 मध्ये अभ्यासलेल्या प्रारूपात ऊर्जा एकेका क्वांटमने, म्हणजे एकेका ठरावीक पुडीने, आत येते आणि दोन-दोन क्वांटमच्या जोडीने बाहेर जाते. बाहेर जाण्याचा वेग खूप वाढवला, की दोलकाजवळ खालच्या दोनच पातळ्या उरतात: तळाच्या पातळीत सापडण्याची शक्यता 2/3, वरच्या पातळीत 1/3. अशा दोलकाची लय म्हणजे नेमकं काय? ऊर्जा निश्चित असलेल्या अवस्थेला कला, म्हणजे फेज (झुलण्याच्या फेरीत दोलक नेमका कुठे आहे ते), नसतेच. ती पातळ्यांच्या सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे एकाच वेळी अनेक पातळ्या मिसळलेल्या अवस्थेत, असते. म्हणून इथे फेज पक्की जखडली जात नाही. सगळ्या फेज सारख्याच संभाव्य होत्या, त्यातली एखादी जरा जास्त संभाव्य होते. अभिजात, म्हणजे क्वांटमच्या आधीच्या, भौतिकीत 'जुळलं' आणि 'नाही जुळलं' यांच्यामध्ये आखीव सीमा असते, ती क्वांटम गोंगाटात पुसट होते.

आता तुमचा प्रश्न. एकच दोलक घ्या आणि त्याला बाहेरून साधा, अभिजात सिग्नल द्या. तो त्या सिग्नलशी जुळतो. इथे एंटँगलमेंट होणार कुणाशी? दुसरा क्वांटम भिडूच नाही!

यातला माझा सर्वात आवडता निकाल 2017 मधला आहे, आणि तो चक्क उलटा वाटतो. हायगेन्सची घड्याळं जितकी सारखी तितकी सहज जुळतात. पण असे दोन क्वांटम दोलक घ्या, ज्यांच्या ऊर्जापातळ्यांमधली अंतरं असमान आहेत, आणि दोघांनाही एकाच पातळीभोवती स्थिर करा. हे दोलक अगदी एकसारखे असतील तर जुळत नाहीत. एकाने पायरी उतरून सोडलेली ऊर्जा आणि दुसऱ्याला पायरी चढायला लागणारी ऊर्जा वेगवेगळी असते. हिशेब बसत नाही, देवाणघेवाण अडते. एकाची वारंवारता योग्य तेवढी हलवली, की हिशेब बसतो आणि लय जुळू लागते. याला सिंक्रोनायझेशन ब्लॉकेड म्हणतात. ऊर्जा ठरावीक पुड्यांमध्ये मिळते यावरच सगळा खेळ अवलंबून असल्यामुळे अभिजात भौतिकीत त्याला जोड नाही. कुणी 'यात क्वांटम ते काय?' असं विचारलं, तर मी एंटँगलमेंटऐवजी हेच उदाहरण देतो.

हे सगळं आता फक्त कागदावर राहिलेलं नाही. 2020 मध्ये थंड केलेल्या रुबिडियम अणूंच्या तीन पातळ्यांवर क्वांटम फेज जुळताना पाहिली गेली. त्या कामात आयआयटी कानपूर आणि आयआयटी मुंबईचे संशोधक होते. तीनच पातळ्या का? कारण दोन पातळ्यांच्या क्यूबिटला स्वतःची लय असू शकते का, यावरच मतभेद होते. 2018 मध्ये रूले आणि ब्रुडर यांनी 'नाही' म्हटलं, नंतर इतरांनी 'असू शकते' असं दाखवलं. मला दुसरी बाजू पटते, पण तो वाद बराचसा 'स्वतःची लय' कशाला म्हणायचं यावर येऊन ठेपतो.