आमची वाटचाल : पसरणी घाटाच्या पायथ्याशी

वाईत आम्हाला 'फॅनवाले वायरमन' म्हणतात, ते गाडीच्या इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या फॅनमुळे. नाव ऐकून एखादी मावशी घरचा टेबलफॅनही घेऊन येते. हाताशी काम नसेल तर तोही करून देतो.

१९९६ साली पाचगणी रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये दुकान टाकलं, तेव्हा कामं म्हणजे हेडलाइट, हॉर्न, डायनॅमो. मे महिना लागला की महाबळेश्वरची गर्दी घाटात अडकायची आणि फियाट, अॅम्बॅसेडर, जीपा बोनेट उघडून कडेला लागायच्या. या गाड्यांचा रेडिएटरचा फॅन इंजिनाच्या बेल्टवर फिरायचा. इंजिन जोरात तर फॅन जोरात. गाडी जाममध्ये नुसती घुरघुरत उभी राहिली की फॅनही रेंगाळतो, आणि वारा हवा असतो तो नेमका तेव्हाच. मारुती ८००ला इलेक्ट्रिक फॅन कंपनीतूनच यायचा. म्हटलं, तसाच फियाटला का नको?

पुण्याच्या जुन्या बाजारातून एका मोठ्या गाडीचा दणकट फॅन उचलला, पट्ट्या मारून रेडिएटरमागे बसवला आणि डॅशबोर्डवर लाइटचं एक बटण देऊन डायरेक्ट जोडून टाकला. गाडी पाचगणीच्या एका टॅक्सीवाल्याची. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो आला तो बटण हातात घेऊनच. प्लास्टिक वितळून आत बसलेलं, वायरचं कव्हर हातभर करपलेलं. "वायरमन, घाटात धूर निघाला. मागं नवं जोडपं बसलं होतं, दार उघडून पळालं की!" त्याला हसू येत होतं, मला घाम. पैसे परत दिले, वायरिंग पदरचं घालून नवीन केलं.

हिशोब आधी करायला हवा होता. हेडलाइटचा बल्ब ६० वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला ५ अँपिअर. माझा फॅन ओढत होता १५च्या घरात, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. एवढा लोड त्या बटणाने सोसायचा कसा?

तेव्हापासून रिलेशिवाय, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचशिवाय, फॅन जोडलेला नाही. बॅटरीवरून ४ स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात ३० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबर पिनला, आणि ८७ मधून फॅनला. ८५-८६ वर रिलेची कॉइल. तिला पाव अँपिअरही लागत नाही. तिचं एक टोक इग्निशनला, दुसरं रेडिएटरवरच्या थर्मोस्विचमधून अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. आमचा स्विच ९२ अंशांना जोडतो, पाणी पाच-सहा अंश उतरलं की सोडतो. ड्रायव्हरला लक्षात ठेवायला काही नाही. अर्थचा स्क्रू मात्र रंग खरवडूनच. परत येणाऱ्या निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

काम झालं की रेडिएटरच्या पुढच्या बाजूला वर्तमानपत्राचं पान लावतो. चिकटून बसलं तर ठीक, उडालं तर लाल-काळी वायर उलटी लागली. उलटा फॅनही आवाज तसाच करतो, पण धावत्या गाडीत समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडत बसतो. मांढरदेवीच्या घाटात दरवेळी उकळणारी एक जीप आली होती. दुसरीकडे थर्मोस्टॅट बदलून झाला, रेडिएटर खोलून साफ झाला. आमच्याकडे पान उडालं आणि दोन वायरींची अदलाबदल करून गाडी पाच मिनिटांत बाहेर.

पुढे फियाटी कमी होत गेल्या, म्हणून फॅन-रिलेचे तयार वायरिंग सेट बांधून गॅरेजांना द्यायला लागलो. ते खातं घरात सौ.कडे. वायरच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबलं की वायर हिसका देऊन ओढायची, सुटली तर फेकायची. माझा माल तिने दोनदा फेकलाय.

आता फॅन गाडीतला कंप्युटर चालवतो. पोरगा स्कॅनर लावतो, मी तोवर फ्यूज बघून घेतो. बऱ्याच गाड्यांत हळू स्पीडचा रेझिस्टर (करंट कमी करून फॅन हळू फिरवणारा पार्ट) जळतो, मग फॅन एकदम फुल स्पीडलाच लागतो, तोही पाणी बरंच तापल्यावर. रेझिस्टरची किंमत ऐकली की गिऱ्हाईक म्हणतं, "डायरेक्ट मारून द्या ना, शेजारचा तीनशेत देतो." डायरेक्ट मारलं की थंड इंजिनावरही फॅन दिवसभर फिरणार, मोटरचे ब्रश झिजणार, आणि फॅन बंद पडेल त्या दिवशी कळायला टेंपरेचरचा काटा लालवर जायला हवा. हे सगळं सांगतो. कालच एक जण ऐकून घेऊन शेजारी गेला. पोरगा म्हणाला, "बाबा, करून द्यायचं होतं." रेझिस्टर मागवून ठेव म्हटलं, पावसाळ्याआधी तीन-चार लागतातच.