फुकायचं यंत्र

"मॅडम, गोळी नको, चिंगम नको, फोन तर नकोच. पण त्ये फुकायचं यंत्र परत एकदा द्या."

मामा शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर. रोजची दीड बंडल बिडी. आमच्या तंबाखू-बिडी सोडवायच्या समुपदेशन कक्षात आपणहून कुणी येत नाही. हे दातांच्या ओपीडीतून ढकललेले होते.

निकोटिन गम मी मन लावून शिकवते. चघळत सुटायचं नाही. जिभेला चरचरलं की थांबायचं, गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा दोन-चार चावे. आधी पंधरा मिनिटं चहा नाही. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, पण हे असं चावायचं ते कुणी सांगत नाही. मग माणूस च्युइंगमसारखं चावतो, उचक्या लागतात आणि "सोसंना" म्हणून सोडून देतो. मामांनी सगळं ऐकलं. "म्हंजे मावाच झाला की! त्यो बी गालातच धरत्यात."

गोळी चालू केल्यावर पहिला आठवडा बिडी ओढली तरी चालते, हे त्यांना पटेना. "मग गोळी कशापाय?" तंबाखू सोडायला फोनवर सल्ला देणाऱ्या क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर दिला, तर कागद परत सरकवला. "घरात सोडली म्हणून सांगितलंय. कुणाच्या हाताला लागला तर?" खरी अडचण सगळ्यात शेवटी आली, तीही दाराकडं बघत. सकाळी बिडीशिवाय पोट साफ होत नाही.

यंत्र मात्र आवडलं. पंधरा सेकंद श्वास रोखायचा, मग सावकाश शेवटपर्यंत फुंकायचं. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड आकड्यात दिसतो. पहिल्यांदा २८. पुढच्या शनिवारी १७. मग ११. चौथ्या शनिवारी ६ आला, तेव्हा मामांनी टोपी काढून पुन्हा घातली.

हा वायू चार-पाच तासांत निम्म्यावर येतो. शुक्रवारी रात्रीपासून बिडी टाळली तरी आकडा उतरणार. मी ते बोलले नाही. चूक केली का, ठाऊक नाही. पण आठवड्यातली एक सकाळ तरी ते बिडीविना काढत होते. आमच्या रजिस्टरात 'गम', 'गोळी', 'फक्त सल्ला' असे रकाने आहेत. फुंकायला येणाऱ्याला रकाना नाही. मी 'फक्त सल्ला' लिहायची. सल्ला तर त्यांनी एकही घेतला नव्हता.

पाचव्या शनिवारी पुठ्ठ्याच्या नळ्या संपलेल्या. मागणीपत्र दोन महिने टेबलांवरून फिरत होतं, शेकड्यानं मिळणाऱ्या नळीसाठी! वापरलेली नळी देता येत नाही. मामा पाच मिनिटं बसले, "असूंदे" म्हणाले, उठले. पुन्हा आले नाहीत.

गेल्या सोमवारी नळ्यांचा खोका आला. फोन लावला. बाईंनी उचलला, "मालक दुसऱ्या पाळीला गेल्यात. कोण बोलतंय?"

रजिस्टर समोर उघडं होतं. राँग नंबर म्हणाले आणि ठेवला.